जरा विक्षिप्तच आहे तो!

"हुशार आहे हो, पण जरा एक्सेंट्रिक आहे."

शुक्रवारी हापिसात वार्षिक मूल्यमापनाची बैठक होती. आयटीतल्या मंडळींना हा प्रकार नवा नाही. एका थंडगार खोलीत सहा-सात मॅनेजर आणि लीड बसतात, पडद्यावर एक्सेलची शीट असते, शीटमध्ये नावं, नावांपुढे आकडे, आणि सगळे आकडे मिळून बेल कर्व्हमध्ये कसे बसवायचे याची चिंता. म्हणजे कुणाला तरी खाली ढकलायलाच लागतं. यंदा आमच्या टीममधल्या एका मुलावर पाळी आली. वरचं वाक्य त्याच्याबद्दलचं. सगळ्यांच्या माना समजूतदारपणे हलल्या, चाराचा आकडा तीन झाला, आणि आम्ही पुढच्या नावाकडे वळलो. एकूण वेळ दीड मिनिट.

आता या मुलाचा एक्सेंट्रिकपणा काय, तर तो दुपारी एक ते तीन फोन बंद ठेवतो. जेवायला आमच्याबरोबर येत नाही. "हे आपण का करतोय?" असं क्लायंटसमोर विचारतो. आणि गेल्या वर्षी त्याने एक उद्योग केला. आमचा रात्री चालणारा हिशोबाचा एक प्रोग्राम महिन्यातून दोनदा अडकायचा. तो अडकला की ड्यूटीवर असेल त्याने उठून रीस्टार्ट करायचा, ही दोन वर्षांची परंपरा. याने कुणी सांगितलेलं नसताना तीन आठवडे त्यात डोकं घातलं आणि मूळ चूक शोधून काढली. त्या तीन आठवड्यांत त्याची नेमून दिलेली कामं मागे पडली, हेही तितकंच खरं. शीटमध्ये मागे पडलेल्या कामांचा रकाना आहे. न वाजलेल्या फोनचा नाही.

मी त्याचा लीड. आणि मी गप्प बसलो.

विकांतभर ते डोक्यात फिरतंय, म्हणून हे लिहितोय. मला भांडायचंय ते त्या 'पण'शी. "हुशार आहे, पण एक्सेंट्रिक आहे" यातला 'पण' इतका सहज येतो, की एक्सेंट्रिक म्हणजे काहीतरी बिघाड, हे आपण गृहीतच धरलेलं असतं. गंमत म्हणजे त्या खोलीतले आम्ही झाडून सगळे इंजिनियर. हा शब्द आम्ही परीक्षेत सूत्रासकट लिहिलेला आहे. तेव्हा त्याचा अर्थ बिघाड नव्हता, अंतर होता.

आधी मराठीतली गंमत बघा. भूमितीतल्या या राशीला आपल्याकडे विकेंद्रता म्हणतात, उत्केंद्रताही म्हणतात. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशात 'विमध्यता' असाही शब्द सापडतो. मध्यापासून ढळलेलं, इतकाच अर्थ. त्यात कसलाही शेरा नाही. माणसाची वेळ आली की मात्र आपण थेट 'विक्षिप्त' म्हणतो आणि आवाज खाली आणतो. खरं तर त्या शब्दाचंही खानदान चांगलं आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्यात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. म्हणजे विक्षिप्त हा मूढाच्या एक पायरी वर आणि एकाग्राच्या एक पायरी खाली! आणि आपल्या जुन्या ज्योतिषात 'विक्षेप' म्हणजे चंद्र किंवा ग्रह क्रांतिवृत्तापासून किती बाजूला आहे ते अंशांत आणि कलांत मोजलेलं अंतर. मोजलेलं, हे महत्त्वाचं. आपण मोजणं सोडलं आणि शेरा ठेवला.

आता भूमिती. घाबरू नका, दोन खिळे आणि एक दोरा एवढंच सामान लागतं. फळीवर दोन खिळे ठोका, दोऱ्याचा सैल फास त्यांच्याभोवती टाका, पेन्सिलीने तो ताणून फिरवा. लंबवर्तुळ तयार. दोन्ही खिळे एकाच जागी आणले तर वर्तुळ, विकेंद्रता शून्य. खिळे दूर नेत जा, ती एकाकडे सरकते. एक झाली की वक्र मिटायचाच बंद होतो, तो अन्वस्त. एकाच्या पुढे अपास्त. वर्तुळ ही या घराण्यातली एक खास केस आहे, सगळ्यांनी जाऊन पोचायचं आदर्श ठिकाण वगैरे नाही.

पण मला आवडणारी गोष्ट यापुढची. पृथ्वीच्या कक्षेची विकेंद्रता आहे ०.०१६७. ही कक्षा कागदावर १ मीटर लांबीची काढली, तर तिची लांबी आणि रुंदी यांत फरक पडेल जेमतेम ०.१४ मिलिमीटर. पेन्सिलीच्या रेघेत गडप होईल. कुणीही बघून म्हणेल, हे वर्तुळच आहे. सूर्य मात्र त्या चित्राच्या मध्यावर नसेल, मध्यापासून ८ मिलिमीटरहून जरा जास्त बाजूला असेल. खऱ्या अंतरात ते होतात सुमारे २५ लाख किलोमीटर. म्हणजे विकेंद्रता आकारात फारशी दिसतच नाही. चारचौघांसारखाच आकार, फक्त ज्याच्याभोवती फिरायचं ते ठिकाण चित्राच्या मधोमध नाही. आमच्या त्या मुलाचंही असंच आहे असं मला वाटतं. तोही नऊला येतो, कोड लिहितो, सहाला जातो. त्याचा सूर्य तेवढा आमच्या शीटच्या मध्यावर नाही.

आणि न दिसणाऱ्या या आठ मिलिमीटरचे परिणाम किती? वसंत संपातापासून शरद संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस लागतात, उरलेल्या अर्ध्या फेरीला १७९. कारण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे आपण स्वेटर घालून तिळगुळाची वाट बघत असतो तेव्हा, पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते आणि सगळ्यात वेगाने धावत असते. म्हणून सूर्याला मिथुन रास ओलांडायला साडेएकतीस दिवसांहून जास्त लागतात आणि धनु रास तो साडेएकोणतीस दिवसांच्या आत ओलांडतो. म्हणूनच अधिकमास बहुतेक वेळा चैत्र ते आश्विन या महिन्यांत येतो आणि क्षयमास नावाचा दुर्मिळ प्राणी, जो १९८२-८३ साली आला होता, थंडीतच सापडतो. जावयाला कुठल्या महिन्यात अनारसे मिळणार, हे ठरवण्यातसुद्धा पृथ्वीच्या विक्षिप्तपणाचा हात आहे मंडळी!

जुन्या ज्योतिषांनी ही भानगड ओळखली होती. ग्रीकांनी पृथ्वी मध्यावर नसलेलं वर्तुळ काढलं. एक्सेंट्रिक हा शब्द त्या वर्तुळाचा, माणसांना तो फार नंतर चिकटला. आपल्या सिद्धांतग्रंथांतही असं सरकवलेलं वर्तुळ आहे, त्याला प्रतिवृत्त म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या दुरुस्तीला मंदफल. पुढे केप्लर मंगळामागे लागला. टायको ब्राहेची निरीक्षणं आणि वर्तुळांवर बेतलेलं गणित यांत ८ कलांचा फरक येत होता. एका अंशाचा सातवा-आठवा भाग. दुसरा कुणी असता तर निरीक्षणातली चूक म्हणून सोडून देता. त्याने ग्रहाला दोष दिला नाही, स्वतःचं मॉडेल मोडलं. १६०९ साली लंबवर्तुळ छापून आलं. आमच्या बैठकीत केप्लर असता तर मंगळाला तीन मिळाले असते.

बरं, हे झालं आकाशातलं. कारखान्यात या. सांगली-मिरजेच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही लेथवाल्याला विचारा. जॉब चकमध्ये धरला की तो आधी डायल लावून बघतो. काटा हलला की म्हणतो "आउट आहे". ठोकून, सरकवून तो जॉब मध्यावर आणतो. आमचं एचआर इथपर्यंतच शिकलंय. पण तोच कारागीर दुसऱ्या दिवशी चार जबड्यांच्या चकमध्ये दुसरा जॉब मुद्दाम मध्य सोडून धरतो, आणि डायल लावून तो नेमका दहा मिलिमीटर आउट आहे ना, याची खात्री करतो. कारण त्याला एक्सेंट्रिक बनवायचा असतो. मध्यावर भोक असलेली चकती शाफ्टवर बसवली तर ती नुसती गोल गोल फिरते, पुढे काहीच हलत नाही. भोक दहा मिलिमीटर बाजूला घेतलं की तीच चकती समोरच्या दांड्याला वीस मिलिमीटर पुढे-मागे करते. वाफेच्या इंजिनाची झडप अशी चालायची. डिझेल इंजिनातला कॅम झडपा उघडतो आणि इंधनाच्या पंपाला धक्का देतो, तो मध्याशी फटकून असलेला असतो म्हणूनच. तुमच्या खिशातला फोन थरथरतो त्यासाठीही कितीतरी वर्षं एका बाजूला जड असलेली इवलीशी मोटर वापरत आले आहेत.

इथे लगेच दुसरा पक्ष टाळ्या वाजवायला लागेल, म्हणून त्यांच्याशीही भांडून घेतो. "जीनियस माणसं अशीच असतात" म्हणत कुणाच्याही उद्धटपणाला मखरात बसवणारा पक्ष. आपल्या मुलाखती, सिनेमे आणि स्टार्टअपच्या कहाण्या यांनी भरल्यात. ज्युनियरवर खेकसणारा, दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवणारा, मीटिंगला दोन तास उशिरा येणारा, आणि हे सगळं प्रतिभेच्या खात्यावर टाकणारा. त्याचीही विकेंद्रता मोजा. घरातलं वॉशिंग मशीन कपडे एका बाजूला गोळा झाले की कसं थडाथडा नाचतं? तेही एक्सेंट्रिकच. कॅम आणि ते मशीन, दोन्हींत भूमिती एकच. फरक एवढाच की कॅमपुढे दांडा आहे, काहीतरी हलतंय. मशीनमध्ये फक्त बेअरिंग झिजतायत. तेव्हा प्रश्न तीन: कुठल्या मध्यापासून, किती अंतर, आणि त्याने पुढे काय हलतं? याची उत्तरं न देता 'विक्षिप्त' म्हणणं ही शिवी असो की कौतुक, दोन्ही आळशीपणाच.

आणि चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे: पाया किती रुंद आहे?

स्थापत्यवाल्यांना 'मधला तिसरा भाग' हा नियम पाठ असतो. दगडी भिंतीवरचा किंवा धरणावरचा एकूण भार पायाच्या रुंदीच्या मधल्या तिसऱ्या भागात पडत असेल, तर पायाच्या कुठल्याही टोकाला ताण येत नाही, सगळीकडे दाबच राहतो. म्हणजे भार मध्यापासून रुंदीच्या सहाव्या भागापर्यंत ढळलेला चालतो. सहा मीटर रुंद पाया असेल तर एक मीटरची विकेंद्रता निर्धोक. तोच एक मीटर तीन मीटरच्या पायावर मात्र धोक्याचा. भार तोच, ढळणं तेच. बदलला तो पाया.

साताऱ्यातलं कोयना धरण बघा. १०३ मीटर उंच. पाणी भरलं की भार एका बाजूला सरकतो, पाणी उतरलं की दुसऱ्या. मधोमध असा तो क्वचितच असतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला तडे गेले. नंतर काय केलं? पाण्याला "जरा कमी ढकल बाबा" असं कुणी सांगितलं नाही. धरणाला पाठीमागून काँक्रीटचे टेकू दिले. पाठ रुंद केली.

माणसांच्या बाबतीत असा रुंद पाया कुणी घातलाय का? सांगली-साताऱ्याच्याच मातीतलं उदाहरण आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले, आणि कळलं की त्यांना रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग यांत्रिक रेखाटनं करायला लागले. मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत, आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवत होते, तिथे बढतीत डावललं गेलं. (मूल्यमापनाची बैठक तेव्हाही होती!) बेळगावला येऊन सायकली विकल्या, मग लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत, त्यामुळे दोनेक वर्षं गिऱ्हाईक मिळेना. त्यात नगरपालिकेला वस्ती वाढवायची होती म्हणून कारखान्याची जागा गेली. एखाद्याच्या शीटमध्ये याहून वाईट काय असू शकतं?

त्यांना जागा दिली औंधच्या राजाने, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. औंध हे बहात्तर गावांचं, तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं संस्थान. राजधानी आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी-कुंडलकडचे तुकडे आज सांगलीत. कुंडल रोड स्टेशनजवळची निवडुंगाने आणि सापांनी भरलेली ३२ एकर माळजमीन, आणि दहा हजार रुपये कर्ज. १९१० साली त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. राजाने लक्ष्मणरावांना सरळ केलं नाही. त्यांच्या खालचा पाया रुंद केला.

हा राजा स्वतः काय कमी होता? चित्रं काढायचा, कीर्तनं करायचा, रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि सगळ्यांना घालायला लावायचा. १९३५ साली इंदूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. छोट्याशा औंधात म्युझियम काढलं, ज्यात हेन्री मूरचं शिल्प आहे. मुलगा अप्पासाहेब पंत, मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडहून आलेला भगव्या कपड्यांतला इंजिनियर, आणि सल्ल्याला गांधीजी, अशा मंडळींना घेऊन त्याने १९३९ मध्ये आपली सत्ता कायद्याने प्रजेच्या हाती देऊन टाकली. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं: भिंती नसलेला तुरुंग, कैदी कुटुंबासकट राहून शेती करतात. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा सिनेमा त्याच प्रयोगावरून सुचलेला, कथा आटपाडी तालुक्यातल्याच गदिमांची. अप्पासाहेबांनी पुढे वडिलांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'ॲन अनयुज्वल राजा'. चारचौघांत न बसणारा राजा.

त्याच्यावरही माझे तीन प्रश्न लावतो. सूर्यनमस्कार शाळांतून सक्तीचे केले तेव्हा राजाचा छंद पोरांच्या पाठीवर आला. सत्ताधाऱ्याचा विक्षिप्तपणा रयतेला परवडेलच असं नाही. पण याच माणसाने सत्ता सोडली, हेही त्याच खात्यावर मांडावं लागेल.

किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकत फिरणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात एका पंगतीला बसवलं. लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आज त्यांना कर्मवीर म्हणतात, चौकाचौकात पुतळे आहेत. पण तेव्हाच्या एखाद्या सोयरिकीच्या बैठकीत "माणूस चांगला आहे हो, पण..." असं किती जणांनी म्हटलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. पुतळा म्हणजे मेल्यानंतर काढून टाकलेला 'पण'.

तुम्ही म्हणाल, एका किर्लोस्करामागे शंभर जण माळावरच संपले असतील. असतीलच. प्रत्येक विक्षिप्त माणूस काहीतरी घडवतो, असा माझा दावाच नाही. माझा दावा एवढाच की तो पडला तर त्याच्या ढळण्याबरोबर आपल्या पायाची रुंदीही मोजावी लागेल. एक ते तीन फोन बंद ठेवल्याने ज्या टीमला तडा जातो, ती टीम अरुंद आहे. "हे का करतोय?" या प्रश्नाने जो प्रोजेक्ट हलतो, तो आधीच कलला होता. आपण मात्र कॉलेजं एकाच साच्याची निवडतो, मुलाखतीत 'कल्चर फिट' बघतो, लग्न जमवताना "चारचौघांसारखा आहे ना?" विचारतो, आणि मग आपल्याकडे नवीन काही का होत नाही यावर विकांताला लेख लिहितो. (हो, मीसुद्धा. :-))

असो. आकडे बुधवारी कायमचे बंद होणार आहेत. उद्या सोमवारी मी मेल लिहिणार आहे: हा कुठल्या अपेक्षेपासून किती ढळला, त्याने कुठली कामं मागे पडली, आणि गेल्या आठ महिन्यांत रात्री किती वेळा फोन वाजला. शेवटचं उत्तर शून्य आहे. फोन माझ्याच उशाशी असतो, त्यामुळे मला नक्की माहीत आहे. तीनाचा चार होईल की नाही ते सांगता येत नाही. बेल कर्व्हमध्ये मग दुसऱ्या कुणाला तरी ढकलावं लागेल, आणि तो वाद बहुधा माझ्याच अंगाशी येईल. पण ते काम दीड मिनिटात उरकणार नाही, एवढं तरी मी बघेन. शुक्रवारीच बोललो असतो तर हे सगळं लिहायला लागलं नसतं.